विजेचें वाद्य आणि मनुष्याचा हात
('स्विच्ड-ऑन बाख' या ध्वनिमुद्रिकेचा अभ्यास)



शाळेच्या स्नेहसंमेलनांत विजेवर चालणारें एकादें वाद्य रंगमंचावर आलें, म्हणजे लहानमोठ्या सर्वांचे डोळे त्याच्याकडे लागतात. एक बटण दाबलें कीं तबला वाजतो, दुसरें दाबलें कीं बासरी, आणि तिसरें दाबलें कीं सबंध वाद्यवृंद! हें पाहून कित्येक पालकांच्या मनांत एक शंका येते व ती ते मोकळेपणानें बोलूनही दाखवितात : "हें तर यंत्रच वाजतें, मग यांत मुलानें शिकावयाचें तें काय?" उलट कित्येक विद्यार्थ्यांच्या मनांत एक आशा उत्पन्न होते : "यंत्र वाजतें तें बरेंच झालें, रियाजाची कटकट चुकली." ही शंका व ही आशा वरवर भिन्न दिसल्या, तरी दोहोंचें मूळ एकच आहे. यंत्र आलें म्हणजे परिश्रम गेले, असा दोघांचाही समज आहे.

हा समज कितपत खरा आहे, हें केवळ तर्कानें ठरविण्यापेक्षां एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहणें अधिक चांगलें. असें उदाहरण १९६८ सालीं अमेरिकेंत घडलें. त्या वर्षाच्या उत्तरार्धांत कोलंबिया कंपनीनें 'स्विच्ड-ऑन बाख' या नांवाची एक दीर्घ तबकडी प्रसिद्ध केली. नांवाचा अर्थ, विजेची कळ दाबून जागा केलेला बाख, असा कांहींसा करतां येईल. ती वेंडी कार्लोस या संगीतकर्त्रीची पहिलीच ध्वनिमुद्रिका होती. तींत एकही तंतुवाद्य नव्हतें, एकही फुंकवाद्य नव्हतें. सर्व नाद विजेपासून निर्माण केलेले होते. ती कशी तयार झाली, हें समजून घेतलें असतां वरील शंकेचें व वरील आशेचें, दोहोंचेंही उत्तर मिळतें.

कागदाची कळपट्टी

वेंडी कार्लोस यांचा जन्म १९३९ सालीं अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड राज्यांत पॉटकेट या गांवीं झाला. वयाच्या सहाव्या वर्षीं त्यांचें पियानोचें शिक्षण सुरूं झालें. परंतु घरीं पियानो घेण्याची ऐपत नव्हती, आणि शिकवणीचा तास संपल्यावर सराव करावा कशावर, हा प्रश्न होता. तेव्हां वडिलांनीं कागदावर पियानोच्या कळा आंखून दिल्या. त्या कागदावर बोटें ठेवून ही लहान मुलगी धडे गिरवीत असे. कागद तो! त्यांतून आवाज कसा निघणार? जो स्वर ऐकावयाचा तो मनांतच ऐकावा लागे.

पुढें संगीताबरोबरच पदार्थविज्ञानाचीही त्यांना गोडी लागली. शालेय वयांत घरीं तयार केलेल्या गणकयंत्राबद्दल एका विज्ञानप्रदर्शनांत त्यांना शिष्यवृत्ति मिळाली. ब्राउन विद्यापीठांत त्यांनीं संगीत व पदार्थविज्ञान हे दोन्ही विषय घेतले. नंतर न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत व्लादिमिर उसाचेव्स्की यांच्या हाताखालीं अभ्यास करून १९६५ सालीं त्यांनीं संगीतरचनेची उच्च पदवी मिळविली. त्या काळीं विद्युत्-संगीताच्या प्रयोगशाळांतून जें निर्माण होई, तें बहुधा विद्वानांनीं विद्वानांसाठीं केलेलें असे. सामान्य श्रोत्याला त्यांत गाणें सांपडत नसे. वाद्य नवें असलें तरी त्यावर लोकांना ओळखीचें व प्रिय वाटेल असें संगीत वाजवावें, असा कार्लोसबाईंचा विचार होता. पदवीनंतर उपजीविकेसाठीं त्यांनीं एका ध्वनिमुद्रणगृहांत फिती कापण्या-जोडण्याचें काम पत्करलें. हें काम क्षुल्लक वाटेल. परंतु पुढें त्याचाच त्यांना सर्वांत अधिक उपयोग झाला.

वाद्याची रचना

१९६४ सालीं ध्वनियंत्रज्ञांच्या एका परिषदेंत कार्लोसबाईंची रॉबर्ट मोग या तरुण संशोधकाशीं ओळख झाली. मोग हे न्यूयॉर्क राज्यांतील एका लहान गांवीं आपल्या कारखान्यांत विजेचीं वाद्यें बनवीत असत. त्यांच्या वाद्याला सिंथेसायझर म्हणतात. त्याचें स्वरूप कळण्यास कठीण नाहीं. विद्यार्थ्यांनीं तें तीन भागांत लक्षांत ठेवावें.

पहिला भाग स्वर उत्पन्न करणारा. पेटींत भात्याच्या वाऱ्यानें पितळेची पट्टी कांपते व तिच्या कंपनापासून स्वर निघतो. येथें पट्टीही नाहीं व वाराही नाहीं. विजेचा प्रवाहच एका सेकंदांत शेंकडों वेळां वरखालीं होतो, आणि तें आंदोलन ध्वनिक्षेपकांतून आपल्या कानांवर पडतें. एका सेकंदांत ४४० आंदोलनें झालीं तर एक स्वर, आणि ८८० झालीं तर तोच स्वर वरच्या सप्तकांत. मोग यांनीं अशी योजना केली होती कीं, नियंत्रण करणारा विद्युद्दाब एका व्होल्टानें वाढविला कीं स्वर बरोबर एका सप्तकानें वर चढावा. या साध्या नियमामुळें कळपट्टीवरील प्रत्येक कळेला तिचा नेमका स्वर देतां आला.

दुसरा भाग चाळणीचा. कोणताही भरीव नाद शुद्ध एकेरी नसतो. मूळ स्वराबरोबर त्याचे अनेक उपस्वर मिसळलेले असतात. तंबोऱ्याची तार छेडून कान देणाऱ्यास हें ठाऊक आहे. या उपस्वरांच्या कमीअधिक प्रमाणामुळेंच सनई सनईसारखी व बासरी बासरीसारखी वाटते. मोग यांच्या यंत्रांत प्रथम उपस्वरांनीं गच्च भरलेला नाद निर्माण होतो, आणि मग विजेची चाळणी त्यांतील नको ते उपस्वर काढून टाकते. शिल्पकार दगडांतील नको तो भाग काढून मूर्ति घडवितो, त्यासारखाच हा प्रकार आहे.

तिसरा भाग नादाच्या आयुष्याचा. घंटेवर टोला पडतांच नाद एकदम पूर्ण जोरानें उठतो व मग हळूहळू विरतो. बासरीचा नाद फुंकरीबरोबर सावकाश उगवतो, श्वास आहे तोंवर टिकतो व श्वासाबरोबर थांबतो. नाद कसा जन्मावा, किती टिकावा, कसा मावळावा, हें या तिसऱ्या भागानें ठरवितां येतें.

आतां मुख्य गोष्ट ही कीं, या तिन्ही भागांना स्वतःची अशी कांहींच इच्छा नसते. मोग यांच्या त्या वाद्यांत बासरीचें बटण नव्हतें, व्हायोलिनचेंही नव्हतें. प्रत्येक नाद तारा जोडून, खुंट्या फिरवून, कानानें पारखून नव्यानें बनवावा लागे. कळेवर बोटाचा जोर जसा पडेल तसा आवाज कमीअधिक व्हावा, अशी कार्लोसबाईंनीं मागणी केली. तेव्हां मोग यांनीं तशी कळपट्टी तयार करून दिली. वाद्य करणारा व वाद्य वाजविणारा हे दोघे एकमेकांचे शिक्षक झाले, असें म्हटलें तरी चालेल.

एका वेळीं एकच स्वर

या वाद्यांत एक मोठी अडचण होती. पियानोवर दहा बोटांनीं दहा स्वर एकदम वाजवितां येतात. मोग यांच्या यंत्रांतून एका वेळीं एकच स्वर निघे. आणि बाखच्या संगीतांत तर दोन, तीन, चार स्वतंत्र गीतधारा एकाच वेळीं चाललेल्या असतात! मग हें साधावें कसें?

यावर उपाय असा केला. कार्लोसबाईंनीं यंत्राचे भाग जमवून ध्वनिमुद्रणाचें एक यंत्र स्वतः जुळविलें. त्याच्या रुंद चुंबकीय फितीवर शेजारींशेजारीं आठ पट्ट्या होत्या. पहिल्या पट्टीवर एक गीतधारा वाजवून घ्यावयाची; मग ती ऐकत ऐकत दुसऱ्या पट्टीवर दुसरी; नंतर तिसरी. एकाच माणसानें क्रमाक्रमानें सबंध वाद्यवृंद व्हावयाचें! त्यांतही एक स्वर सोडल्याशिवाय पुढचा स्वर उठत नसे, म्हणून बोट प्रत्येक वेळीं स्वच्छ उचलावें लागे. शिवाय यंत्र लहरी होतें. खोलींतील उष्णतामान थोडें बदललें कीं स्वर सरके. कांहीं स्वर वाजवावे, थांबावें, यंत्र पुन्हां स्वरांत आहे कीं नाहीं तें पाहावें, नसल्यास जुळवावें, आणि पुढचे कांहीं स्वर वाजवावे, असा क्रम चाले. यंत्र ताळ्यावर आणण्यासाठीं प्रसंगीं त्याला हातोडीचा ठोकाही द्यावा लागे!

या कामीं रॅचेल एल्काइंड यांनीं निर्मितीची बाजू सांभाळली व बेंजामिन फोकमन या संगीतज्ञांनीं साहाय्य केलें. काम सुमारें पांच महिने चाललें व त्याला हजार तासांच्या आसपास वेळ लागला. तबकडी वाजते किती वेळ? सुमारें चाळीस मिनिटें. विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें : ऐकणाऱ्याच्या एका मिनिटामागें करणाऱ्याचे पंचवीस तास! ज्या यंत्रामुळें श्रम चुकले असें आपण समजतों, त्या यंत्रानें प्रत्यक्षांत किती श्रम मागितले, हें या एका हिशेबावरून दिसून येतें.

बाखच कां?

योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) हा जर्मनींतील थोर संगीतकार. आयुष्याचीं शेवटचीं सत्तावीस वर्षें त्यानें लाइप्झिग येथें चर्चमधील संगीताची व मुलांना गायन शिकविण्याची जबाबदारी वाहिली. त्याच्या रचनेचा विशेष असा कीं, तींत एक मुख्य गायक व बाकीचे साथीदार अशी वांटणी बहुधा नसते. प्रत्येक गीतधारा स्वतंत्रपणें सुंदर असते, आणि सर्व मिळून त्यांचें एक सुसंगत संभाषण होतें. एका वेळीं एकच स्वर वाजविणाऱ्या यंत्राला अशी रचना अनुकूल पडली. यंत्राचें जें दुबळेपण, तेंच येथें गुण ठरलें; कारण प्रत्येक धारेला निराळा नादरंग देतां आला आणि सामान्य श्रोत्यालाही त्या धारा वेगवेगळ्या ओळखूं येऊं लागल्या.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, दोनशें वर्षांपूर्वींच्या थोर संगीतकाराची कृति विजेच्या यंत्रावर वाजविणें म्हणजे त्याची अवहेलना नव्हे काय? या आक्षेपाला खुद्द बाखनेंच उत्तर देऊन ठेवलें आहे. या तबकडीवरील पहिलीच रचना त्याच्या २९ व्या कॅंटाटाचा प्रारंभ आहे. १७३१ सालीं लाइप्झिगच्या नगरमंडळाच्या समारंभासाठीं त्यानें ती सिद्ध केली. परंतु तिचें मूळ आणखी मागें आहे. प्रथम ती एकट्या व्हायोलिनसाठीं लिहिलेली होती. पुढें बाखनेंच ती ऑर्गन व वाद्यवृंद यांच्यासाठीं पालटून घेतली. व्हिवाल्डीच्या व्हायोलिनच्या रचनाही त्यानें कळपट्टीच्या वाद्यांसाठीं पालटल्या होत्या. एका वाद्याची रचना दुसऱ्या वाद्यावर नेणें त्याला मुळींच अमान्य नव्हतें. नवीन ऑर्गन बांधून झाला म्हणजे त्याची परीक्षा करण्यास त्याला तज्ज्ञ म्हणून बोलावीत असत. यंत्ररचनेचें त्याला वावडें नव्हतें, उलट कुतूहल होतें.

तबकडीच्या दुसऱ्या बाजूस ब्रॅंडेनबुर्ग संग्रहांतील तिसरी रचना आहे. बाखनें १७२१ सालीं सहा रचनांचा हा संग्रह एका सरदारास अर्पण केला. मूळ रचना तीन व्हायोलिन, तीन व्हायोला, तीन चेलो व मंद्र स्वरांचीं वाद्यें यांच्यासाठीं आहे. तिच्या मधल्या भागांत एक गंमत आहे. तेथें बाखनें केवळ दोन स्वरसंघात लिहिले आहेत. बाकीचें वाजविणाऱ्यावर सोपविलें आहे. म्हणजे पहिल्या व तिसऱ्या भागांत प्रत्येक स्वर लिहिलेला, आणि मध्यें मोकळें अंगण! या अंगणांत कार्लोसबाईंनीं स्वतःच्या कल्पनेनें भर घातली, व विजेच्या वाद्याचे असे नाद योजिले कीं जे दुसऱ्या कोणत्याही वाद्यांतून निघाले नसते. जेथें रचनाकाराची आज्ञा आहे तेथें ती अक्षरशः पाळावयाची, आणि जेथें त्यानें मोकळीक दिली आहे तेथें भिऊन गप्प बसावयाचें नाहीं, असा उत्तम शिष्याचा धर्म येथें दिसतो.

लोकांचा निकाल

तबकडी बाहेर येण्यापूर्वीं मोग यांनीं ध्वनियंत्रज्ञांच्या परिषदेंत तिच्यांतील कांहीं भाग वाजवून दाखविला. कार्लोसबाई तेथें हजर होत्या. वाजविणें संपतांच सभेनें उभें राहून टाळ्यांचा गजर केला. पुढें लोकांनींही तसाच निकाल दिला. अभिजात संगीताच्या तबकड्या थोड्याच लोकांच्या घरीं जातात, असा त्या व्यवसायांतील अनुभव. परंतु ही तबकडी अमेरिकेंतील सर्व प्रकारच्या लोकप्रिय तबकड्यांच्या यादींत पहिल्या दहांत आली, आणि अभिजात संगीताच्या यादींत १९६९ पासून १९७२ च्या आरंभापर्यंत अग्रस्थानीं राहिली. १९७० सालीं तिला तीन ग्रॅमी पारितोषिकें मिळालीं. १९८६ सालीं तिच्या दहा लक्ष प्रतींच्या खपाची अधिकृत नोंद झाली, व २००५ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें जतन करण्यायोग्य ध्वनिमुद्रणांत तिचा समावेश केला. बाखचा नामांकित वादक ग्लेन गूल्ड यानेंही तिची जाहीर प्रशंसा केली.

सर्वांनींच स्तुति केली असें मात्र नाहीं. कित्येकांना हे नाद निर्जीव वाटले. या टीकेंत कांहींच तथ्य नाहीं असें म्हणणें अप्रामाणिकपणाचें होईल. आज ऐकतांना यांतील कांहीं स्वर कोरडे व तुटक वाटतात. व्हायोलिनच्या गजाचा ओलावा किंवा गायकाचा श्वास त्यांत शोधूं गेल्यास निराशा होते. परंतु ज्या उणिवा आहेत त्या वाद्याच्या आहेत, वाजविणाऱ्याच्या निष्ठेच्या नव्हेत.

या यशाचा एक परिणाम मात्र बोध घेण्यासारखा झाला. इतर कंपन्यांनीं घाईघाईनें तसेंच यंत्र आणून, तशाच थाटाचीं नांवें देऊन, पुष्कळ तबकड्या काढल्या. यंत्र तेंच, कळपट्टी तीच, तारा त्याच! पण त्यांपैकीं बहुतेक तबकड्या आज विस्मृतींत गेल्या आहेत. यंत्रच जर गात असतें, तर सर्वच सारख्या गायिल्या असत्या. इकडे कार्लोसबाईंनीं १९६९ सालीं दुसरी तबकडी काढली, आणि पुढें 'ए क्लॉकवर्क ऑरेंज' (१९७१) व 'ट्रॉन' (१९८२) या चित्रपटांना संगीत दिलें.

ऐकावें कसें?

ज्यांना ही ध्वनिमुद्रिका किंवा बाखची तीच रचना नेहमींच्या वाद्यांवर ऐकावयास मिळेल, त्यांनीं पुढील रीतीनें अभ्यास करावा. प्रथम दोन गीतधारांची एकादी लहान रचना घ्यावी. पहिल्या वेळीं केवळ वरच्या धारेकडे लक्ष द्यावें. दुसऱ्या वेळीं केवळ खालच्या धारेचा माग काढावा, व वरच्या धारेंत येऊन गेलेला स्वरसमूह येथें पुन्हां कोठें येतो तें पाहावें. तिसऱ्या वेळीं दोन्ही एकत्र ऐकाव्या. दोन माणसांचें बोलणें एकाच वेळीं ऐकून दोघांचेंही समजणें जितकें कठीण, तितकेंच हें प्रारंभीं कठीण वाटेल. पण चार दिवसांच्या सरावानें कान तयार होतो. मग तोच कान आपल्याकडील जुगलबंदी ऐकतांनाही अधिक सावध राहील.

ऐकून झाल्यावर मनाशीं विचारावें : येथें कोणता नाद घंटेसारखा विरला, कोणता बासरीसारखा टिकला? हीच धारा पेटीवर वाजविली असती तर काय गमावलें असतें, आणि काय साधलें असतें?

उपसंहार

आतां प्रारंभींच्या शंकेकडे वळूं. आज एका वेळीं एकच स्वर देणारें यंत्र राहिलेलें नाहीं. खिशांत मावणाऱ्या फोनवर शेंकडों वाद्यांचे नाद मिळतात, आणि आज्ञा केली असतां संगणक सबंध गाणेंही रचून देतो. म्हणून पालकांची शंका आज पूर्वींपेक्षां अधिक गंभीर झाली आहे, आणि विद्यार्थ्यांची आशाही अधिक मोहक झाली आहे. परंतु यंत्र जितकें अधिक करूं लागेल, तितका एक प्रश्न अधिक तीव्र होईल : काय वाजवावें व तें कसें असावें, हें ठरविणारा कान कोणाचा? तो कान विकत मिळत नाहीं. तो रियाजानेंच घडतो.

यास्तव पालकांना विनंति अशी कीं, मुलाच्या हातीं विजेचें वाद्य दिसलें म्हणून त्याचा उपहास करूं नये; तो त्यावर काय करतो व किती वेळ टिकून करतो, तें पाहावें. विद्यार्थ्यांना सांगणें असें कीं, चांगलें वाद्य मिळालें नाहीं म्हणून थांबूं नये, आणि मिळालें म्हणून सैल पडूं नये.

पॉटकेटच्या त्या लहानशा घरांतील कागदाची कळपट्टी आपण विसरूं नये. तिच्यावर बोटें पडत, पण आवाज निघत नसे. स्वर मुलीच्या मनांत उठे. वीस-बावीस वर्षांनीं तिच्यासमोर विजेचें नवें यंत्र आलें, तेव्हां त्याच्याही पोटीं स्वतःचें असें गाणें नव्हतें. जें गाणें त्यांतून निघालें, तें त्या मुक्या कागदावर केलेल्या अभ्यासाचेंच फळ होतें.